मुंबईचं चक्र कुठे फिरतं, कुठे अडतं: भंगार, ओला कचरा, राडारोडा आणि सांडपाण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंड पूर्वेला राहते आणि गेली काही वर्षं आसपासच्या सोसायट्यांमध्ये कचऱ्यावर बोलायला जाते. बोलणं अर्ध्या तासात उरकतं, प्रश्न दीड तास चालतात, आणि ते बहुतेक ठरलेलेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत, महापालिकेची नाहीत.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे रिसायकलिंगच ना? मग नवं नाव कशाला?

रिसायकलिंग ही त्यातली अगदी खालची पायरी. आधी वस्तू जास्त दिवस वापरायची, मोडली तर दुरुस्त करायची, नको झाली तर दुसऱ्याला द्यायची, तेही नाही जमलं तर तिचे सुटे भाग काढायचे. यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा वितळवून किंवा दळून नवा कच्चा माल करायचा. जाळणं आणि पुरणं हे चक्राबाहेरचं.

नाव नवं असलं तरी काम जुनंच आहे. दुपारी जिन्यात येऊन बसणारी बोहारीण आठवा. चार साड्या आणि दोन पँटींवर एक स्टीलचं पातेलं, आणि त्यावर अर्धा तास घासाघीस. तिने नेलेल्यातले बरे कपडे धुऊन, टाके घालून पुन्हा विकले जातात. उरलेल्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात. यात कुठे अनुदान नाही, ॲप नाही, जनजागृती नाही.

मला जे म्हणायचंय ते इथेच म्हणते: ज्या वस्तूला भाव आहे, तिला या शहरात आपोआप पाय फुटतात. जिला भाव नाही, ती पडून कुजते. पत्रा, पुठ्ठा, पाण्याची बाटली, तांब्याची तार यांच्यासाठी मुंबईला कुणी काही शिकवायला नको. अडतं ते ओल्या कचऱ्यापाशी, राडारोड्यापाशी, चकचकीत पाकिटांपाशी आणि सांडपाण्यापाशी. तिथे भाव कुणीतरी मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि हा कुणीतरी म्हणजे शेवटी सरकार किंवा महापालिकाच.

मुंबईचा रोजचा कचरा किती, आणि तो जातो कुठे?

साधारण साडेसहा ते सात हजार टन. बहुतेक सगळा कांजूरमार्गला, थोडा देवनारला.

देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, म्हणजे शंभरीच्या उंबरठ्यावर. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. गोवंडी-मानखुर्दच्या लोकांना तो पाहायला उपग्रह लागला नाही. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने डम्पिंगच्या दुरवस्थेवरून शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. ती उठली २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात, अटींसह. फ्लॅटचा ताबा का लांबला याची कारणं सांगताना बिल्डरांनी कचऱ्याचं नाव घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आमचं मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं. तिथे साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उकरून, चाळून जमीन मोकळी करायची होती. मुदती वाढतच गेल्या. कांजूरमार्गची जागा संरक्षित वन आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. थोडक्यात, शहराचा बहुतेक कचरा एका स्थगितीच्या आधाराने उभा आहे.

बंदराचा आणि या सगळ्याचा काय संबंध?

हा प्रश्न क्वचित येतो, पण मला सगळ्यांत आवडतो.

रे रोड स्टेशनला उतरून पूर्वेला चालत गेलात की दारूखाना लागतो. इथली दारू बंदुकीची, पिण्याची नव्हे. लकडी बंदर, पावडर बंदर या धक्क्यांवर जुनी जहाजं भरतीला आणून गाळात रुतवायची आणि ओहोटीत तोडायची, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जहाज म्हणजे हजारो टन चांगलं पोलाद. त्याचे पत्रे कापून गिरणीत पुन्हा लाटले की सळ्या आणि अँगल तयार. खाणीतून खनिज आणून भट्टी पेटवण्याची गरज नाही. जहाजातले पंखे, दोर, साखळ्या, संडासाची भांडी, स्वयंपाकघरातल्या कढया यांची दुकानं त्याच रस्त्यावर. जहाजाच्या गोल खिडकीचा आरसा करून विकणारे तर परदेशी पाहुण्यांनाही ठाऊक.

आयएनएस विक्रांत इथेच संपली. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९९७ मध्ये निवृत्त झालेली, मग काही वर्षं तरंगतं संग्रहालय म्हणून उभी असलेली आपली पहिली विमानवाहू नौका. ती भंगारात विकली गेली तेव्हा बरीच हळहळ झाली. २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे पडायला लागले, आणि त्यातलं काही पोलाद बजाजने विकत घेऊन २०१६ मध्ये व्ही १५ नावाची मोटरसायकल काढली. संग्रहालय टिकायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण चक्र म्हणजे काय हे शाळेतल्या मुलांना सांगायचं तर मी हेच उदाहरण देते. मुलं लगेच विचारतात, "म्हणजे त्या गाडीला तोफ होती?"

आता दुसरी बाजू. जुन्या जहाजात ॲस्बेस्टॉस असतो, तेलाचा गाळ असतो, विषारी रंग असतात. गॅस कटर हातात घेऊन टाकीत उतरणारा माणूस उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून आलेला, रोजंदारीवरचा. टाकीत वायू साठलेला असला की स्फोट. जहाजतोडणीचे नियम कडक करणारा हाँगकाँग करार भारताने २०१९ मध्ये स्वीकारला, त्याच वर्षी देशात जहाज पुनर्वापराचा कायदा झाला आणि करार जगभर लागू झाला जून २०२५ मध्ये. तोवर मोठी जहाजं कधीच गुजरातेत अलंगला जायला लागली होती, आणि दारूखान्याच्या जमिनीकडे पूर्व किनाऱ्याचा विकास म्हणून पाहिलं जाऊ लागलं होतं.

बंदर म्हणजे चक्राचं तोंडही आहे. न्हावाशेवाच्या कंटेनरांतून जगाचं भंगार इथे उतरतं: धातू, रद्दी कागद, जुने टायर. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडे टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यांच्या काजळीने गावं त्रासली आहेत, त्यातले बरेच टायर परदेशी. दुसऱ्या देशाने आपलं अंगण झाडून केर आपल्या दारात टाकला आणि आपण त्याला कच्चा माल म्हटलं, तर चक्र नेमकं कुणाचं पूर्ण झालं?

भंगारवाले, कचरावेचक यांना या योजनांत जागा आहे का?

कागदावर आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची दखल घेतली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं. त्याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांच्या पुढाकाराने कचरावेचक बायकांचे गट बांधायला सुरुवात केली होती. बचत गट, ओळखपत्रं, सोसायट्यांशी करार, खतनिर्मितीचं प्रशिक्षण. डम्पिंगवर आकडी घेऊन फिरणाऱ्या बाईचं 'परिसर भगिनी' होणं हे नुसतं नाव बदलणं नव्हतं. दरवानाने हाकलायचं की गेट उघडायचं, एवढा त्यातला फरक.

पण मोठा हिशेब अजून उलटाच आहे. महापालिका ठेकेदाराला कचरा वाहून नेण्याचे पैसे टनावर देते. म्हणजे गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. कचरावेचक बाई रस्त्यातच पुठ्ठा-प्लास्टिक काढून घेते, गाडी हलकी करते, महापालिकेचे पैसे वाचवते, आणि तिला त्यातला छदामही मिळत नाही. तिची कमाई फक्त मालाच्या भावावर. तेलाचे भाव पडून नवं प्लास्टिक स्वस्त झालं की तिचा दिवस बुडतो.

धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये हाच माल पुढे जातो. रंगाप्रमाणे निवडायचा, वास घेऊन किंवा चावून प्लास्टिकची जात ओळखायची, दळायचा, धुवायचा, गच्चीवर वाळवायचा, दाणे पाडायचे. अशा खोल्या एकमेकींना चिकटून आहेत, कारण एकीचा उकिरडा हा दुसरीचा कच्चा माल. पुनर्विकासात हे उद्योग कुठे जाणार, यावर या शहराचं बरंच काही ठरणार आहे. सुटी सुटी शेड देऊन ही साखळी पुन्हा जुळत नाही. आणि एक विचित्र गोष्ट: धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी २०२४ मध्ये राज्य सरकारने जी जागा दिली, त्यात देवनार डम्पिंगची १२४ एकर आहे.

ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा, हा नियम खरंच आहे का?

आहे. ज्यांचा भूखंड २०,००० चौरस मीटरहून मोठा किंवा कचरा रोज १०० किलोंहून जास्त, त्यांनी तो आवारातच जिरवावा, असं महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक केलं. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो, म्हणजे भाजीची देठं, उरलेला भात, नारळाच्या करवंट्या. त्यात पाणीच जास्त. कांजूरपर्यंत आपण डिझेल जाळून पाणी वाहून नेतो, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे यंत्र आहे, पण बंद पडलंय. सगळीकडे असंच असतं का?

बऱ्याच ठिकाणी. आमच्या सोसायटीचीच गोष्ट सांगते. आम्ही काही लाखांचं यंत्र घेतलं. विक्रेत्याने सांगितलं होतं, चोवीस तासांत खत. चोवीस तासांत जे बाहेर आलं ते खत नव्हतं, तो भाजलेला कचरा होता. कुंडीत घातला, पाणी लागलं, आणि दोन दिवसांत मजल्यावर वास आणि अळ्या. विजेचं बिल पाहून खजिनदारांनी यंत्राचा प्लग काढला तो काढलाच. विक्रेता फोन उचलत नव्हता.

नंतर आम्ही विटांचे जाळीदार हौद बांधले आणि ते आजतागायत चालू आहेत. खत यंत्र करत नाही, जिवाणू करतात, आणि त्यांना वेळ लागतो: साधारण दीड-दोन महिने. वास येत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण एकच, ओलं जास्त आणि सुकं कमी. प्रत्येक थरावर वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा टाका. आवारातला पाला झाडून जाळणाऱ्या सोसायट्यांना मी हात जोडते. तो पाला म्हणजे तुमचं अर्धं खत. आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. लिंबाच्या साली कमी घाला. मांसमच्छी चालते, पण हौदाच्या मध्यावर पुरून. वर ठेवलीत तर घुशी पंगतीला येतील.

मोठ्या प्रमाणावर करायचं असेल, हॉटेलं, मंडई, कॅन्टीन, तर बायोगॅस. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प यासाठीच आहे. आधी कचऱ्याचा लगदा करून उष्णता आणि हवा देऊन पचवायचा, मग हवाबंद टाकीत मिथेन. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे कचऱ्याचा ट्रक गावात शिरूच शकत नाही, तिथे याचा उपयोग लगेच कळतो.

खताला गिऱ्हाईक मात्र शोधावं लागतं. आमचं खत आधी आमच्याच बागेत, मग सभासदांच्या कुंड्यांत, आणि तरी उरतं. भावाचा प्रश्न इथेही सुटत नाहीच.

आम्ही वेगळा देतो, पण गाडीत एकत्रच टाकतात. मग कशाला?

एकत्र टाकताना मीही पाहिलंय. वॉर्ड ऑफिसला तक्रार करा, फोटोसकट. पण वेगळा ठेवायचं सोडू नका. गाडी यायच्या आधी तुमच्या सफाई कामगाराने आणि वेचणाऱ्या मावशीने सुका माल बाजूला काढलेला असतो. आमटीत भिजलेला पुठ्ठा कुठलाही भंगारवाला घेत नाही, कोरडा घेतो. म्हणजे वस्तूचा भाव तुमच्या ओट्यापाशीच ठरतो.

चिप्सचं पाकीट कशात टाकायचं?

सुक्यात. आणि त्याचं पुढे जवळजवळ काहीच होत नाही, हे माहीत असू द्या. प्लास्टिकचे दोन-तीन जातींचे थर आणि मध्ये धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. उत्पादकांवर त्यांच्या वेष्टनाची जबाबदारी टाकणारे नियम आलेत, त्यामुळे ही पाकिटं गोळा होऊन सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाऐवजी जळतात. डम्पिंगपेक्षा बरं. पण त्याला चक्रीय म्हणणं म्हणजे घर विकून आलेल्या पैशांना पगार म्हणणं. देवनारला रोज ६०० टन कचऱ्यावर वीज करण्याचा प्रकल्प आहे, त्यालाही हेच लागू. शिवाय भट्टी एकदा उभी राहिली की तिला रोज खाऊ घालावं लागतं. मग कचरा कमी करायची कुणाला घाई उरत नाही.

प्लास्टिकबंदीचं काय झालं?

२३ जून २०१८ ला लागू झाली, पहिले काही महिने धाक होता, मग भाजीवाल्याच्या गाडीखालून पिशव्या पुन्हा निघू लागल्या. मला वाईट वाटतं ते बंदीतल्या एका चांगल्या कलमाचं. दुधाच्या रिकाम्या पिशवीला किमान ५० पैसे देऊन ती परत घ्यायची, अशी त्यात तरतूद होती. सोड्याच्या बाटलीसारखीच: ठेव भरा, बाटली परत करा, पैसे घ्या. ही एक गोष्ट रुळली असती तर मुंबईच्या नाल्यांत दुधाची पिशवी औषधाला सापडली नसती. रुळली नाही. दंड करणं सोपं वाटतं, भाव देणं अवघड वाटतं, पुन्हा तेच.

वेसावा, धारावी कोळीवाड्यातल्या नाखव्यांना विचारा. डोल जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभं लावतात, त्यामुळे शहराने नाल्यात सोडलेलं सगळं त्यात येऊन बसतं. मासळी निवडायच्या आधी बायकांना प्लास्टिक निवडावं लागतं. त्या कामाची मजुरी कुणी देत नाही.

बाथरूम फोडतोय. राडारोडा कुठे टाकू?

ठेकेदाराला "तुम्ही बघा" म्हणू नका. तो रात्री खाडीकाठच्या तिवरांत रिकामा करतो. महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघर इथे प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रक्रिया प्रकल्प आहेत. तिथे दळून, धुवून वाळू, खडी, पेव्हर ब्लॉक होतात. अख्खी मुंबई पाडून बांधली जात असताना रोज १,२०० टन फार नव्हेत, पण सुरुवात आहे. खरी गरज आहे ती सरकारी कामांच्या निविदांत हाच माल वापरायची सक्ती करण्याची.

जुनी चाळ पडते तेव्हा मात्र कुणाच्या सक्तीची वाट पाहिली जात नाही. बर्मा सागाच्या तुळया, बिडाचे खांब, कठड्याच्या जाळ्या, मिंटन लाद्या पाडकाम ठेकेदार आधीच विकून मोकळा होतो. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात तुम्ही घेतलेलं टेबल गिरगावातल्या कुणाच्या तरी जिन्यातलं असू शकतं.

सांडपाण्याचं पाणी खरंच पुन्हा वापरता येतं?

चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये सन २००० च्या सुमारापासून हे चालू आहे. महापालिकेचं रोज सुमारे सव्वादोन कोटी लिटर मैलापाणी घेऊन ते शुद्ध करून खत कारखान्यात वापरतात. तेवढं तलावाचं पाणी वाचतं. कारखान्याने हे पर्यावरण दिनाच्या प्रेमापोटी केलं नाही; टंचाईत पहिली कपात उद्योगांची होते आणि उद्योगांना पाणी महाग पडतं, म्हणून केलं.

शहराचं मात्र बरंचसं सांडपाणी वर्षानुवर्षं नुसतं गाळून समुद्रात सोडलं जात होतं. वरळी आणि वांद्र्याला त्यासाठी तीन किलोमीटरहून लांब बोगदे समुद्राखाली आहेत. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथे सात नवी केंद्रं बांधली जात आहेत. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, आणि त्यातलं निम्मं पाणी पुन्हा वापरण्याजोगं करायची योजना आहे. शंभर किलोमीटरवरून, शहापूरच्या तहानलेल्या गावांना वळसा घालून आपण जे पाणी आणतो आणि फ्लश करतो, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा. कचऱ्यावर इतकं बोलूनही मला वाटतं, मुंबईच्या चक्राचा सगळ्यात मोठा आरा हाच आहे.

अडचण ही की शुद्ध केलेलं पाणी न्यायला वेगळी नळवाहिनी लागते, आणि ते घेणारा लागतो. टँकरचं पाणी स्वस्त आणि बिनहिशेबी मिळतंय तोवर बांधकामवाला कशाला घेईल?

पीओपीच्या गणपतीचं काय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेला उपाय सोपा आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे बेकरीत वापरतात त्या खाऱ्याच्या, पाण्यात मूर्ती बुडवायची. पीओपीचं अमोनियम सल्फेट आणि चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) होते. पहिलं झाडांना खत म्हणून चालतं. घरच्या छोट्या मूर्तीला बादली पुरते. वर्षानुवर्षं तीच धातूची मूर्ती पूजणारी घरंही आता दिसतात. शाडूची मूर्ती आणणाऱ्यांनी विरघळलेली माती मूर्तिकाराला परत द्यावी. बरेच जण घेतात.

देवनारचा डोंगर हटवला की प्रश्न मिटेल?

१८५ लाख टन कचरा काढण्याचं, २,३०० कोटी रुपयांहून मोठं काम २०२५ मध्ये दिलं गेलं. चाळणीतून निघते ती मुख्यतः माती, दगड आणि प्लास्टिकच्या मळक्या चिंध्या. मातीत जड धातू असू शकतात म्हणून ती शेतात नको, भरावात टाका. चिंध्या सिमेंट भट्टीत. सोनं त्यात नाही. सोनं होतं ते वेचणाऱ्यांनी शंभर वर्षांत केव्हाच नेलं. मोकळी होणारी जमीन हाच इथला माल, आणि तिला भाव काय आहे हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही.

ट्यूबलाइट, बॅटरी, जुना मोबाइल भंगारवाल्याला द्यायचा का?

नको. तो घेईल, कारण आत तांबं आहे. पण तारेवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात आणि तो धूर एखाद्या पोराच्या छातीत जातो. मोबाइलची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर आग लागते. हे सगळं एका खोक्यात साठवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या. सोसायटीने वर्षातून दोनदा बोलावलं तर ते दारात येतात.

ट्यूबलाइट फुटलीच तर वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा. त्यावर 'काच' असं लिहा म्हणतात, पण आमच्याकडे येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. म्हणून मी लाल चिकटपट्टीची फुली मारते.